हवेतली गाठ

आमच्या हॉस्पिटलमधलं फिरतं एक्स-रे मशीन बंद पडलं असा फोन आला की मी आधी हातातला चहा संपवते. घाई करण्यात अर्थ नसतो. वॉर्डात गेल्यावर काय दिसणार हे मला ठाऊक असतं. मशीनची पिन भिंतीतून काढून तिथे कोणीतरी आपला मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो, आणि आदल्या दिवसापासून उपाशी असलेली बॅटरी सकाळी जागची हलत नाही. नाहीतर चाकांच्या आसांत पट्टीचे दोरे, कापूस आणि कोणाकोणाचे केस गुंडाळून बसलेले असतात, आणि चारचौघांनी मिळून ढकलून 'मोटर गेली मॅडम' असं निदान आधीच केलेलं असतं. कधी एक्स-रे घ्यायच्या बटणाची वायर लिफ्टच्या दारात चेंगरलेली असते. ती कोणाच्या हातून चेंगरली हे कधीच कोणाला माहीत नसतं. लिफ्टलाच ती खावीशी वाटली असावी.

मी या हॉस्पिटलमधल्या यंत्रांची देखभाल बघते. ओळखपत्रावर बायोमेडिकल इंजिनिअर असं लिहिलं आहे. डॉक्टर मंडळी 'मेंटेनन्सच्या मॅडम' म्हणतात आणि त्याच दमात एसीवाल्याचीही चौकशी करतात. त्याचं मला काही वाटत नाही. एसीवाल्याला ते निदान पाणी तरी विचारतात.

एका हिवाळ्यातली सकाळ. ऑर्थोपेडिक वॉर्डातून आमच्या एक्स-रे तंत्रज्ञाचा फोन आला. हा माझ्याच वयाचा माणूस, माझ्या आधीपासून इथे नोकरीला. कामात वाईट नाही, पण स्वतःच्या डोक्याला त्रास न देण्याची एक शपथ त्याने कधीतरी घेतली असावी आणि ती तो निष्ठेने पाळतो.

"मॅडम, पोर्टेबल मेलं," तो म्हणाला.

"कुठे?"

"खिडकीजवळच्या मास्तरांच्या बेडपाशी. पुढेही जात नाही, मागेही जात नाही. आणि वर जाम ओरडतंय."

गेले. मशीन म्हणजे चाकांवरचं एक जड कपाट, त्याला वर एक लांब हात आणि हाताच्या टोकाला क्ष-किरणांची नळी. ज्याला हलवता येत नाही अशा पेशंटच्या खाटेशी ते न्यायचं, त्याच्या पाठीखाली एक चौकोनी प्लेट सरकवायची आणि वरून एक्स-रे घ्यायचा. पूर्वी आत फिल्म असे. आता प्लेटच चित्र पकडते आणि मशीनच्या पडद्यावर दाखवते.

मशीनच्या अंगावर एक मोठं लाल बटण असतं. संकट आलं तर ते दाबायचं, की मशीन जिथल्या तिथे थांबतं. त्या लाल बटणावर कोणीतरी नाश्त्याचा ट्रे ठेवला होता. ट्रेमध्ये अर्धवट खाल्लेला उपमा होता. मी ट्रे उचलला, बटण फिरवून वर घेतलं आणि मशीन सुरू झालं.

"झालं?" तंत्रज्ञ म्हणाला.

"उपम्याने बंद पडलं होतं," मी म्हटलं.

खाटेवरचे मास्तर हसले. बाकी कोणी हसलं नाही.

मास्तर नारायण पेठेतले, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. घरात न्हाणीच्या पायरीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. पाय वजन लावून ताणून ठेवलेला. शेजारी स्टुलावर त्यांच्या पत्नी, पाठ ताठ, मांडीवर पिशवी, बँकेत नंबर येण्याची वाट बघत बसावं तशा बसलेल्या. ऑपरेशन आदल्या दिवशीच व्हायचं होतं. ते का थांबलं हे मला तिथेच कळलं, कारण मी मशीनच्या चाकातले दोरे काढत खाली बसले होते, आणि खाली बसलेल्या माणसासमोर आमच्याकडचे डॉक्टर काहीही बोलतात.

वॉर्डाचे तरुण डॉक्टर आले. मान मोबाइलमध्ये. "आजोबा, पुन्हा एकदा छातीचा एक्स-रे घेतोय हं. काल एक शॅडो दिसली होती ना, ती कन्फर्म करायचीय."

"शॅडो म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"सावली," मास्तर म्हणाले. "इंग्रजी चौथीला शिकवत होतो मी. अहो डॉक्टर, पण सावली कशाची?"

"ते सीटी केल्यावर कळेल. गाठ असू शकते. नसूही शकते. या वयात आपण काहीच नाकारू शकत नाही." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. गाठ हा शब्द त्यांनी असा टाकला, जसा जाता जाता कचऱ्याच्या डब्यात कागद टाकावा.

काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. मास्तर छताकडे बघत राहिले.

तंत्रज्ञाने दुसरा एक्स-रे घेतला. मी उठून उभी राहिले होते, त्यामुळे पडदा मलाही दिसला. उजव्या फुप्फुसात, बरगड्यांच्या मध्ये, एक गोल पांढरा ठिपका. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा लहान. डॉक्टर परत आले, त्यांनी कालचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं.

"दोन्हीत आहे," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. "म्हणजे खरं आहे."

"कालच्यापेक्षा एक बरगडी खाली आलाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. "श्वास घेतला की फुप्फुस हलतं, मॅडम," ते म्हणाले. एवढ्या मृदू आवाजात सांगितलं की मला पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

आता हेही खरं की फुप्फुस हलतं. आमच्याकडे प्रत्येक मूर्खपणासाठी एक खरं स्पष्टीकरण तयार असतं.

मी निघून आले. त्यांचं फुप्फुस, त्यांचं शास्त्र. दुपारपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलंही असतं. पण दुपारी त्याच तंत्रज्ञाने मला अपघात विभागात बोलावलं, कारण प्लेट आणि मशीन यांचा वायरलेस संपर्क तुटला होता. संपर्क तुटण्याचं कारण प्लेटची बॅटरी उलटी बसवली होती हे होतं. मी ती सुलट बसवली. त्याने एका बाईच्या मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे घेतला आणि चित्र पडद्यावर आलं. घोटा, टाच, बोटं. आणि पायाच्या बाहेर, जिथे काहीच नाही, नुसता काळोख आहे, तिथे एक गोल पांढरा ठिपका.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "हा काय?"

"कुठला?"

"हा. पायाच्या बाहेर."

"तो होय," तंत्रज्ञ म्हणाला. "तो असतो मॅडम."

"असतो म्हणजे?"

"म्हणजे असतोच. प्लेट आडवी घेतली की इकडे येतो, उभी घेतली की वर येतो. दिवाळीच्या आधीपासून आहे."

"कोणाला सांगितलं होतंत?"

"कंपनीला फोन केला होता. येतो म्हणाले. आले नाहीत."

"आणि डॉक्टरांना?"

तो खरोखर गोंधळला. "डॉक्टरांना आपण काय सांगणार? ते बघतातच ना चित्र."

बोलण्यासारखं खूप होतं, पण समोर मुरगळलेल्या पायाची बाई बसली होती. हा माणूस महिनोन् महिने छात्यांचे एक्स-रे काढत होता, प्रत्येक चित्रात आपल्या ओळखीचा ठिपका आला की मनात त्याला नमस्कार करत होता, आणि चित्र पुढे पाठवत होता. पुढे ते कुठे जात होतं? आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट पूर्णवेळ नाहीत. चित्रं इंटरनेटवरून जातात. शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरात बसून एक गृहस्थ ती बघतात आणि रिपोर्ट पाठवतात. त्यांनी ही प्लेट कधी पाहिलेली नाही, मशीन पाहिलेलं नाही, पेशंट तर नाहीच नाही. त्यांना दर वेळी एक नवी छाती आणि एक नवा ठिपका दिसत होता. प्लेट कधी उभी, कधी आडवी, कधी उलटी, त्यामुळे ठिपका कोणाच्या डाव्या फुप्फुसात, कोणाच्या उजव्या, कोणाच्या खांद्यात, कोणाच्या पोटावर. आयसीयूतले पेशंट तर इतके आजारी, की छातीत अजून एक ठिपका असला काय, नसला काय.

मी मशीन आणि प्लेट घेऊन खाली माझ्या खोलीत आले. तंत्रज्ञही मागोमाग आला. आधी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. हा नेहमी गाडी चालवत असतो.

"मॅम, कॅलिब्रेशन मारून टाका ना," तो म्हणाला. "स्पॉट गायब होईल. शंभर टक्के."

"पण स्पॉट कशाचा आहे?"

"ते बघायचं असेल तर प्लेटचं पॅनल चेंज करावं लागेल. कॅलिब्रेशन इज द बेस्ट."

कॅलिब्रेशन म्हणजे काय, तर रिकाम्या प्लेटवर किरण सोडायचे आणि मशीनला सांगायचं की हे असंच असतं, हे कोरं समज. मशीन बिचारं आज्ञाधारक. ते ठिपक्यालाही कोरं समजायला लागतं आणि चित्रातून वजा करतं. ठिपका जागच्या जागी राहतो, दिसत मात्र नाही. उद्या कोणी तो खरोखर पुसला, तर त्याच जागी काळं भोक दिसणार, आणि मग त्या भोकाचीही तपासणी सुरू होणार. कंपनीचा हा सल्ला आमच्या हॉस्पिटलच्या एकूण कारभाराशी इतका जुळणारा होता, की याच कंपनीचं मशीन का घेतलं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी फोन ठेवला. खोलीतल्या टेबलावर प्लेट ठेवली, वर काही नाही, शेजारी काही नाही. किरण अडवणाऱ्या आडपडद्याच्या मागे गेलो आणि एक्स-रे घेतला. नुसत्या हवेचा. चित्र आलं. सगळीकडे सारखा करडा रंग आणि एका बाजूला तो गोल पांढरा ठिपका.

"हवेला गाठ झालीय," मी तंत्रज्ञाला म्हटलं. "सीटी लिहून द्या."

प्लेटवर जाळीचं एक सपाट झाकण बसतं, चित्र स्वच्छ यावं म्हणून. ते चापाने घट्ट बसवलेलं असतं आणि रोज पुसलं जातं ते वरूनच. खाली काय आहे ते बघायला झाकण काढावं लागतं, आणि झाकण काढायला नखं वापरावी लागतात. मी चाप उघडला. झाकणाच्या खाली, प्लेटच्या काळ्याभोर अंगावर, केशरी-लाल रंगाचा एक जाड, तेलकट टिळा होता. अंगठ्याने लावलेला. अंगठ्याच्या रेषासुद्धा त्यात उमटल्या होत्या.

"शेंदूर," तंत्रज्ञ म्हणाला. "दसऱ्याचा."

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मी दर वर्षी त्या दिवशी रजा घेते. माझा देवाशी काही वाद नाही. वर्षभर ज्यांनी मशीनला लाथ मारली, त्यांनी एक दिवस त्याला झेंडूची माळ घालायची, हे मला बघवत नाही. तंत्रज्ञाने सांगितलं ते असं. आमच्या वैद्यकीय संचालकांनी त्या वर्षी पूजेत जातीने लक्ष घातलं होतं. हळद-कुंकू सगळेच वाहतात, आपण काहीतरी वेगळं करू, म्हणून कुठल्याशा जुन्या मारुतीच्या देवळातून अस्सल शेंदूर मागवला, तेलात कालवला आणि स्वहस्ते मशीनवर स्वस्तिक काढलं. फोटो निघाले. मग प्लेट पुढे आली. झाकण लावलेलं चांगलं दिसत नव्हतं म्हणून ते काढायला सांगितलं, टिळा लावला, फोटो काढला, झाकण पुन्हा बसवलं. मशीनवरचं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ओरडून पुसून घेतलं. टिळा आत राहिला.

हळद असती तर काहीच झालं नसतं. कुंकवानेही बहुधा झालं नसतं. पण अस्सल शेंदूर म्हणजे शिसं. एक्स-रे घेताना आम्ही अंगावर शिशाचा अ‍ॅप्रन घालतो, कारण किरण शिशातून जात नाहीत. त्याच शिशाचा टिळा संचालकांनी नेमक्या त्या जागी लावला होता, जिथून पेशंटच्या छातीचं चित्र तयार होतं. बाजारात हल्ली बिनशिशाचा शेंदूरही मिळतो. पण साहेबांना सगळं अस्सलच लागतं.

मी स्पिरिटने टिळा पुसला. पुन्हा हवेचा एक्स-रे घेतला. कोरा. मास्तरांच्या खाटेशी जाऊन त्यांचा तिसरा एक्स-रे घेतला. फुप्फुसं स्वच्छ.

तिथून मी संचालकांच्या केबिनमध्ये गेले. टेबलाच्या काचेखाली सगळे देव, भिंतीवर सगळी प्रमाणपत्रं.

"सर, पोर्टेबलच्या प्लेटवर शेंदूर होता. त्यामुळे एक्स-रेमध्ये खोटा डाग येत होता."

"शेंदूर?" ते म्हणाले. "पण शेंदूर तर नैसर्गिक असतो."

"नैसर्गिकच आहे सर. शिसंही नैसर्गिकच असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं, आता विचारतील की किती पेशंटना त्रास झाला. त्यांनी विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"आत्ता तिघांना. मी, तंत्रज्ञ, आपण."

"छान. तेवढंच ठेवा."

"आधीच्या पेशंटचं काय करायचं? दसऱ्यापासून ज्यांच्या रिपोर्टमध्ये गाठ आहे असं गेलंय, त्यांना कळवायला हवं."

"ते डिस्चार्ज झाले ना?"

"झाले. पण रिपोर्ट बरोबर घेऊन गेलेत."

"हे बघा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "प्रत्येक रिपोर्टच्या खाली लिहिलेलं असतं की डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढील तपासणी करावी. त्यामुळे आपण सेफ आहोत. आता ज्यांनी केली त्यांना कळलंच असेल की काही नाही. आणि ज्यांनी नाही केली, त्यांचा तो निर्णय." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "आणि देवाच्या कामावर असं बोट दाखवू नये. श्रद्धेचा प्रश्न असतो."

"बोट नाही सर. अंगठा होता," मी म्हटलं आणि बाहेर पडले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीतल्या सवलतींमध्ये मी ही एक धरते.

मास्तरांच्या वॉर्डात परत गेले तेव्हा तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेशी होतेच. "अभिनंदन आजोबा, आजचा एक्स-रे क्लिअर आहे. शॅडो गेली."

"गेली? औषध न घेता?"

"हो, कधीकधी होतं तसं."

एवढं ऐकून मला राहवेना. हा मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला काही माहीतच नव्हतं, आणि माहीत नसताना 'कधीकधी होतं तसं' म्हणण्याचं शिक्षण त्याला मिळालं होतं. मी पुढे झाले. "काका, सावली तुमच्या छातीत नव्हतीच. प्लेटवर शेंदराचा टिळा लागला होता. दसऱ्याच्या पूजेचा. तो मी पुसला."

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतात की काय. मग म्हणाले, "शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो. मी तर काय, नुसता मरायला टेकलो."

काकू उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या बऱ्याच उंच होत्या. "डॉक्टर, जरा मोबाइलमधून मान वर काढा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर काढली.

"काल संध्याकाळपासून हे जेवले नाहीत. मी जेवले नाही. तुम्ही जेवलात?"

"मावशी, तो टेक्निकल एरर होता..."

"मावशी नाही. मी तुमची मावशी नाही. माझ्या बहिणीची मुलं चूक झाली की चुकलं म्हणतात. तुम्ही म्हणा."

वॉर्डातले सगळे बघत होते. एक सिस्टर सलाईन लावता लावता थांबली. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, जशी काही मी मशीनप्रमाणे त्यांचंही लाल बटण फिरवून देणार होते. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"सॉरी," ते म्हणाले.

"मराठीत."

"चुकलं."

"आता ऑपरेशनचं बोला," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट झालं. मास्तर वॉकर धरून चालत घरी गेले. सर्जनने खुबा चांगला बसवला होता, हे मान्य केलं पाहिजे. आमच्याकडे एखाद्या माणसाला एखादी गोष्ट नीट येते तेव्हा मला आश्चर्यच वाटतं.

राहिले बाकीचे. मी तंत्रज्ञाला म्हटलं, मी जुनी सगळी चित्रं बघणार आहे, तुम्ही तुमच्या घरी जा. तो घरी गेला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. प्लेट कुठल्या दिवशी कशी धरली होती हे त्याला बघताक्षणी कळत होतं. "ही आडवी होती, डाव्या कोपऱ्यात बघा," असं म्हणायचा आणि ठिपका तिथे असायचा. बहुतेकांच्या बाबतीत तो कुठे खांद्यावर, कुठे पोटावर पडला होता आणि कोणी त्याची दखल घेतली नव्हती. काहींच्या रिपोर्टमध्ये गाठ होती. त्यातले काही आयसीयूतून परत गेलेच नव्हते, दुसऱ्याच आजारांनी. काहींनी सीटी करून घेतला होता, त्यात काही निघालं नव्हतं, आणि गाठ कुठे गेली असं एकाही डॉक्टरने आम्हाला विचारलं नव्हतं. एकाने तर कागदावर 'उपचारांना उत्तम प्रतिसाद' असं लिहिलं होतं. काय उपचार, ते त्यालाच ठाऊक.

ज्यांचा पुढे काहीच पत्ता नव्हता, त्यांना मी फोन लावत बसले. कोणी नंबर बदलले होते. कोणी 'बरं, ठीक आहे' म्हणून फोन ठेवला. मांजरी गावाच्या पलीकडे उसाच्या शेतात घर असलेली एक म्हातारी होती. न्यूमोनिया होऊन आली होती, बरी होऊन गेली होती, आणि जाताना आमची गाठ घेऊन गेली होती. फोन तिच्या मुलाने उचलला.

"दवाखान्यातनं? आता काय राह्यलंय तुमचं?"

मी सगळं सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी आईला गाठ न्हाय?"

"नाही. मशीनवर डाग होता. सीटी केला होता का तुम्ही?"

"न्हाय केला. आईच नगं म्हनली. कळून तरी काय करायचं, म्हनली. आमी तिला दिवाळीपास्नं एक काम करू देत न्हाय. पावनेरावळे भेटून गेले सगळे. मामा तर रडून गेला."

"त्या कशा आहेत आता?"

"बरी हाय की. रानात गेलीया. ऐकती व्हय कुनाचं." आणि तो फोन न ठेवताच ओरडला, "आये! ये आये! दवाखान्यातनं फोन हाय!"

वारा ऐकू येत होता, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. मग म्हातारीचा आवाज आला, जवळून, खणखणीत. "कोन हाय?"

"आजी, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या छातीत गाठ नाही. आमच्या मशीनवर शेंदूर लागला होता, त्याचा डाग दिसला."

"शेंदूर? कुठल्या देवाचा?"

"मारुतीचा."

"मारुतीला दोष देती व्हय गं," ती म्हणाली. "आन् मी मिश्री सोडली तुमच्या गाठीपायी. लगीन झाल्यापास्नं लावत व्हते. दिवस जाईना माजा."

"मिश्री सोडलीत ते चांगलंच झालं, आजी. ती वाईटच."

"तू कोन सांगनार? तुमाला एकडाव धड सांगता येत न्हाय मानसाला. आदी म्हनं गाठ हाय, आता म्हनं गाठ न्हाय. उद्या काय म्हनशील? मी हायच न्हाय म्हून?"

मी माझ्या नोकरीत अनेकांना खडसावलं आहे आणि बहुतेकांना मनातल्या मनात. मला असं कोणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. गंमत म्हणजे तिच्या लेखी संचालक, तरुण डॉक्टर, तो घरी बसणारा रेडिओलॉजिस्ट आणि मी, आम्ही सगळे एकच होतो. एकाच दवाखान्यातले लोक. मी वेगळी आहे हे तिला सांगण्याचा विचार माझ्या मनात आला आणि तो किती हास्यास्पद आहे हेही लगेच लक्षात आलं.

"चुकलं, आजी," मी म्हटलं.

"व्हय, चुकलंच," ती म्हणाली आणि फोन मुलाला दिला.

"म्याडम," तो म्हणाला, "तोंडी आमी काय बी मानत न्हाय आता."

"या ना तुम्ही. मी स्वतः नवा एक्स-रे काढून घेते, लगेच."

"तुमच्याकडं? न्हाय. दुसरीकडं काढतो."

त्याचं बरोबर होतं. मी त्याला माझा नंबर दिला आणि सांगितलं, कुठेही काढा, मला फक्त पाठवा. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

पुढे बरेच दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी मी जेवायला बसले असताना मोबाइलवर एक फोटो आला. खिडकीच्या उजेडात धरलेली एक्स-रेची फिल्म, कडेला धरणाऱ्याची दोन बोटं. मी डबा बाजूला सरकवला आणि फोटो मोठा करून बघितला. म्हातारीची छाती थोडी तिरकी आली होती. तिथल्या तंत्रज्ञालाही घाई असणार. पण फुप्फुसं स्वच्छ होती, वरपासून खालपर्यंत. फोटोच्या खाली एकही शब्द लिहिलेला नव्हता.